घागरीतली साखळी

पावसाळ्यात कृष्णा चहाच्या रंगाची होते. सांगलीत आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये नळाच्या पाण्यालाही कधीकधी तीच झाक येते, आणि मग फडताळातला तुरटीचा खडा बाहेर निघतो. आई तो खडा हातात धरून घागरीत पाच-सहा वेळा गरागरा फिरवते, मग पळीने पाणी अगदी सावकाश ढवळत बसते, वर ताट झाकते आणि बजावते, "आता तिला धक्का लावू नकोस." दोन-तीन तासांनी वरचं पाणी निवळलेलं असतं आणि तळाला साका बसलेला असतो.

लहानपणापासून हे बघत आलो, पण नीट पाहिलं नव्हतं. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्यावरून अंदाज करा. पूर ओसरल्यावर आठवडाभर चिखल काढणं आणि पाणी निवळणं एवढंच काम होतं. एका रात्री वीज नव्हती, म्हणून काचेच्या ग्लासात तुरटीचं पाणी घेतलं आणि मागून मोबाईलचा टॉर्च लावला. मला वाटलं होतं, मातीचे कण एकमेकांना चिकटून वाळूसारखे बारीक खडे होत असतील. ग्लासात तरंगत होता पिंजलेला कापूस. टाचणीच्या डोक्याएवढे, विरळ, फांद्या फुटल्यासारखे पुंजके, हळूहळू खाली येणारे.

कण घट्ट, चिकटलेत घट्ट, मग त्यांचा पुंजका विरळ कसा? बुंदीला बुंदी चिकटली की लाडू होतो, कापूस होत नाही. या प्रश्नाचं उत्तर भौतिकशास्त्रज्ञांना १९८० च्या दशकात कॉम्प्युटरवर मिळालं, आणि ते इतकं साधं आहे की घरच्या लॅपटॉपवर एका संध्याकाळी पडताळता येतं.

आधी कणांची ओळख. आपल्या काळ्या मातीतले चिकणमातीचे कण २ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. मिलिमीटरचे हजार भाग केले की एक मायक्रॉन. पाण्यात विरघळत नाहीत, बसतही नाहीत, नुसते लोंबकळत राहतात, अशा कणांच्या पाण्याला कोलॉइड म्हणतात (शाळेच्या पुस्तकातला शब्द कलिल). एक मायक्रॉन व्यासाचा मातीचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला साधारण एक मायक्रॉन खाली सरकतो. म्हणजे एक फूट खोल घागरीचा तळ गाठायला साडेतीन दिवस. कण त्याच्या पाचपट लहान असेल तर वेळ पंचवीसपट, म्हणजे जवळजवळ तीन महिने. तोवर पावसाळा संपतो.

हे कण शांत बसलेलेही नसतात. पाण्याचे रेणू त्यांना सगळीकडून धक्के देत असतात, आणि ते धक्के कधीच अगदी बरोबरीचे नसतात. त्यामुळे कण इकडे-तिकडे भटकतो. रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये परागकणांतून निघालेल्या बारीक कणांची ही थरथर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, १९०५ मध्ये आइन्स्टाइनने तिचं गणित मांडलं. या भटकण्याची गंमत अशी, की त्यात ढोर मेहनत असते आणि प्रगती नगण्य. आपला एक मायक्रॉनचा कण सेकंदभरात एखादा मायक्रॉन सरकतो, पण हजारपट अंतर, म्हणजे फक्त एक मिलिमीटर जायचं तर हजारपट नाही, दहा लाखपट वेळ लागतो. साडेअकरा दिवस.

भटकताना कण एकमेकांवर आपटत असणारच, मग ते आपोआप चिकटत का नाहीत? कारण सगळ्यांच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो, आणि सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. तुरटीतून पाण्यात ॲल्युमिनियमचे तिहेरी धन भार येतात आणि हे भांडण मिटवतात. दूर लोटणं थांबलं की अगदी जवळून काम करणारं आकर्षण जिंकतं, आणि एकदा टेकलेला कण सुटत नाही. हेच काम साध्या मिठानेही होतं, फक्त मीठ शेकडोपट जास्त लागतं, कारण सोडियमचा भार एकेरी. कृष्णा पार आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते, तिथे हे मीठ फुकट असतं, आणि महाबळेश्वरपासून वाहून आणलेली चिकणमाती खाऱ्या पाण्यात पुंजके होऊन खाली बसू लागते.

आता खेळ. विज्ञानाच्या लेखात खेळ कशाला, तर ज्यांनी हा विषय सोडवला त्यांनीही खेळच मांडला होता, नियम दोन-तीन ओळींचे.

मैदानाच्या मध्यभागी एक मुलगा दगडासारखा उभा आहे. दूर कडेवरून दुसऱ्या मुलाला डोळ्यांवर पट्टी बांधून सोडायचं, आंधळ्या कोशिंबिरीसारखं. तो वाट्टेल तसा भटकतो. मधल्याला हात लागला की तिथेच गोठायचं, जसं विषामृतात 'विष' म्हटल्यावर गोठतात, आणि इथे 'अमृत' म्हणणारा कुणीच नाही. मग तिसरा सोडायचा, मग चौथा. हजारो मुलं झाल्यावर वरून पाहिलं तर काय आकार दिसेल? अमेरिकेत टॉम विटन आणि लेन सँडर यांनी १९८१ मध्ये हेच कॉम्प्युटरवर केलं. पडद्यावर गोल गठ्ठा उमटला नाही. फांद्यांना फांद्या फुटलेलं, मधे मोठाल्या खाड्या असलेलं, पान गळून गेलेल्या झाडासारखं काहीतरी उमटलं.

कारण समजायला गणित लागत नाही. सुरुवातीला योगायोगाने एखाद्या बाजूला एक कण जास्त चिकटतो आणि तिथे छोटंसं टोक निघतं. पुढचा भटक्या बाहेरून येणार, त्याला ते टोक आधी भेटतं. टोक लांबतं, म्हणून आणखी आधी भेटतं. फाट्यावरच्या टपरीला गिऱ्हाईक आधी मिळतं आणि गल्लीच्या टोकाच्या दुकानापर्यंत कुणी पोचतच नाही, तसंच हे. आतल्या खाचेत शिरायचं तर पट्टी बांधलेल्या मुलाला दोन फांद्यांच्या मधून कुठेही न घासता, झिंगल्यासारखं चालत, आत यावं लागेल. भर बाजारातून दारुड्याने कुणालाही धक्का न लावता आरपार जावं, तेवढी शक्यता. म्हणून खाचा कायमच्या रिकाम्या राहतात. पोकळी ठेवा असं कुणी कॉम्प्युटरला सांगितलेलं नसतं, फक्त भटका आणि चिकटा एवढंच सांगितलेलं असतं.

पण आमच्या ग्लासात मधे कुणी दगडासारखं उभं नव्हतं. तिथे सगळेच भटकत होते. त्यासाठी आणखी एक खेळ घ्यावा लागतो: साखळी. ज्याला पकडलं तो हात धरतो, आणि मग दोघं मिळून तिसऱ्याला शोधतात. फरक इतकाच, की इथे मैदानभर एकाच वेळी शेकडो साखळ्या सुरू असतात, सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, आणि साखळीला साखळी भिडली की दोन्ही मिळून एक. अमेरिकेतल्या पॉल मीकिनने हा खेळ कॉम्प्युटरवर मांडला, आणि त्याच वेळी फ्रान्समध्ये कोल्ब, बोटे आणि ज्युलियाँ या तिघांनीही, एकमेकांपासून स्वतंत्रपणे. दोन्ही निबंध १९८३ मध्ये फिजिकल रिव्ह्यू लेटर्सच्या एकाच अंकात पाठोपाठ छापून आले.

साखळीच्या खेळातले पुंजके पहिल्या खेळापेक्षाही विरळ निघाले. विचार केला की पटतं. एकटा कण निदान चुकूनमाकून एखाद्या खाचेत घुसू शकतो. पण आलेला पाहुणाच जर फांद्या पसरलेला पुंजका असेल, तर तो दुसऱ्याच्या खाचेत कसा मावणार? दोन बाभळीची झुडपं एकमेकांत ढकलून बघा. बाहेरच्या काट्यांना काटे अडकतात आणि काम तिथेच थांबतं.

विरळ म्हणजे किती विरळ, हे मोजायची रीत सुंदर आहे, तिथे जरा थांबू. मण्यांची सरळ माळ दहापट लांब केली तर मणी दहापट लागतात. सतरंजीसारखा सपाट थर दहापट रुंद केला तर शंभरपट. लाडू दहापट जाड केला तर हजारपट. दहाचा एक वेळा, दोन वेळा, तीन वेळा गुणाकार, म्हणून मिती एक, दोन, तीन. आता साखळीच्या खेळातला पुंजका घ्या. तो दहापट मोठा होतो तेव्हा त्यात कण साधारण साठपट असतात. दहापेक्षा खूप जास्त, शंभरपेक्षा कमी. म्हणजे मिती एक आणि दोनच्या मधे कुठेतरी, हिशेबाने १.७८. अशी अपूर्णांकातली मिती असलेल्या आकारांना गणितज्ञ बेन्वा मांडेलब्रो यांनी १९७५ मध्ये फ्रॅक्टल हे नाव दिलं.

या आकड्याचा अर्थ डोळ्यांसमोर आणायचा तर असा: कणाच्या दहापट मोठ्या पुंजक्यात, भरीव गोळ्याच्या मानाने, माल सहा टक्के. शंभरपट मोठ्या पुंजक्यात साधारण ३,६०० कण, जिथे भरीव गोळ्यात दहा लाख मावले असते. म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पुंजका जितका मोठा तितका पोकळ. मला ग्लासात दिसलेला कापूस हाच.

आणि मग ते पाणी निवळलं कसं? एवढ्या पोकळ गोष्टीने तळ गाठायचा कसा? इथेही हिशेब सोपा आहे. खाली ओढणारं वजन कणांच्या संख्येवर, पाण्याचा अडथळा पुंजक्याच्या रुंदीवर. शंभरपट रुंद पुंजक्याचं वजन ३,६०० पट, अडथळा शंभरपट, म्हणून वेग ३६ पट. साडेतीन दिवसांचं काम सव्वादोन तासांत. आई ताट झाकून दोन-तीन तास थांबते, तिला हा भागाकार कुणी शिकवलेला नाही.

आता लॅपटॉप. प्रोग्राम पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला, शंभरेक ओळींचा. चौकटीचा कागद समजा, ३०० बाय ३००, म्हणजे ९०,००० घरं. काही घरांत योगायोगाने कण टाकायचे. प्रत्येक कण हा सुरुवातीला एकट्याचाच पुंजका. मग एक पुंजका निवडायचा, चारपैकी एका दिशेला एक घर सरकवायचा, आणि शेजारच्या घरात दुसऱ्या पुंजक्याचा कण आला का बघायचं. आला तर दोघांना एकच नाव द्यायचं, पुढे ते एकत्र सरकतील. मोठा पुंजका आळशी असतो, तेव्हा त्याची पाळी कमी वेळा यावी अशी सोय करायची. कडेला भिंत ठेवायची नाही. जुन्या मोबाईलवरच्या सापासारखं, उजवीकडून बाहेर गेला की डावीकडून आत. नाहीतर भिंतीजवळच्या कणांना शेजारी कमी मिळतात आणि हिशेब बिघडतो. सगळ्यात किचकट काम 'कोण कुणाच्या पुंजक्यात आहे' याची नोंद ठेवणं. तलाठ्याच्या फेरफारासारखं, एक जमीन दुसऱ्यात मिळाली की सगळे उतारे बदलायचे.

पहिल्यांदा उत्साहात २७,००० कण टाकले, तीस टक्के घरं भरली. थोड्याच वेळात पडद्यावर कणांचं एकच जाळं झालं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि सगळं ठप्प. काहीच हलेना. प्रोग्राममध्ये चूक आहे म्हणून दोन संध्याकाळी डोकं फोडलं. चूक नव्हतीच. मी तुरटीचं पाणी करायला निघालो होतो आणि दही लावून बसलो होतो.

हे दह्याचं प्रकरण मला मूळ प्रश्नापेक्षाही आवडतं. गाईच्या शंभर ग्रॅम दुधात सत्त्याऐंशी ग्रॅम पाणीच असतं, आणि केसीन हे प्रथिन असतं अडीच-तीन ग्रॅम. मग कवडीचं दही वाटी उलटी केली तरी पडत नाही, ते कुणाच्या जोरावर? दुधात केसीनचे बारीक गोळे कोलॉइडसारखे तरंगत असतात, तेही एकमेकांना लांब ठेवून. विरजणातले जिवाणू दूध आंबवतात, आंबटपणाने ते लांब ठेवणं संपतं, आणि साखळीचा खेळ सुरू होतो. पुंजके मोठे होतात तसे पोकळ होतात, पोकळ होतात तशी जास्त जागा अडवतात, आणि एक वेळ अशी येते की भांड्यात पुंजक्यांखेरीज जागाच उरत नाही. ते एकमेकांना टेकतात, सगळ्यांचं एक जाळं होतं, पाणी त्यात कोंडलं जातं. दह्यातले पुंजके आमच्या चिखलातल्यांपेक्षा जरा दाट असतात, त्यांची मिती दोनच्या वर असते, पण गोष्ट तीच. घागरीत माती इतकी कमी असते की पुंजके एकमेकांना टेकण्याएवढे मोठे व्हायच्या आधीच जड होऊन तळाशी जातात. दुधात माल जास्त, म्हणून आधी टेकतात आणि तिथेच थांबतात. भांडं हलवलं की दही बिघडतं, ते या जाळ्याचे नाजूक धागे तुटतात म्हणून.

दुसऱ्यांदा कण २,७०० केले, तीन टक्के. आता पुंजके दिसले, अगदी ग्लासातल्यासारखे. कागद सपाट असल्यामुळे इथे मिती आणखी कमी यायला हवी. जाणकारांचा आकडा १.४४ च्या आसपास आहे, मला १.४ मिळाली. हरखून आईला पडदा दाखवला. ती म्हणाली, "बुरशी आलीय का?" आकारापुरतं बोलायचं तर तेही फार चूक नाही.

पण कॉम्प्युटरवर जे दिसतं ते खऱ्या पाण्यात होतंच असं कशावरून? १९८४ मध्ये डेव्हिड वाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्याने सोन्यावर हे तपासलं. सोन्याचे साधारण १५ नॅनोमीटर (मायक्रॉनचे हजार भाग केले की एक नॅनोमीटर) व्यासाचे कण पाण्यात असले की पाणी लालभडक दिसतं. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये अशा पाण्याचा अभ्यास केला होता. कणांवरचा भार काढून घेतला की ते चिकटू लागतात आणि रंग निळ्याकडे जातो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पुंजक्यांचे फोटो काढून मोजणी केली, मिती १.७५ आली. खेळातल्या १.७८ ला ही अगदी खेटून. १९८९ मध्ये सोनं, सिलिका आणि पॉलिस्टायरीन नावाचं प्लास्टिक अशा तीन अगदी वेगळ्या पदार्थांवर तुलना झाली, आणि तिन्हींत पुंजक्यांची वागणूक सारखीच निघाली. कण कशाचा आहे याने फरक पडला नाही, टेकल्यावर लगेच चिकटतो की उशिरा, याने पडला.

उशिरा म्हणजे काय ते सांगायला हवं. समजा भार पूर्ण गेलेला नाही. दोन पुंजके भिडतात, पण शंभरातून एकदाच चिकटतात, बाकी वेळा परत फिरतात. मग टोकांची मक्तेदारी मोडते. टोकावर नाही जमलं तर भटकत थोडं आत, तिथे नाही तर आणखी आत, अशा खटपटीत खाचा भरायला लागतात. या सावकाश खेळाची मिती साधारण २.१ येते. दहापट मोठ्या पुंजक्यात साठ नव्हे, सव्वाशे कण. दिसायला तोही पोकळच, पण वजनाला दुप्पट. हुंडा-मानपान लगेच ठरलं तर लग्न पहिल्याच स्थळाशी होतं, नाहीतर बरीच घरं फिरावी लागतात, असं मी एका मित्राला समजावलं होतं. तो नुकताच साखरपुडा मोडून आला होता, उदाहरण चुकलं.

खऱ्या घागरीत या खेळापलीकडे बरंच काही चालतं, ते लपवण्यात अर्थ नाही. तुरटी जास्त पडली की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट, सायीसारखा पदार्थ तयार होतो आणि खाली जाताना माती झाडून नेतो. हे माझ्या प्रोग्राममध्ये नाही. गुऱ्हाळात काहिलीतल्या रसात भेंडीचं चिकट पाणी टाकून मळी वर काढतात, तिथे लांबलचक रेणू एका कणापासून दुसऱ्यापर्यंत पूल बांधतात. तेही नाही. शिवाय पुराच्या पाण्यात तुरटीने माती बसते, रोगजंतूंची खात्री नसते. पाणी उकळायलाच लागतं.

आणि ढवळणं. नुसत्या भटकण्यावर सोडलं तर सुरुवात झपाट्याने होते: घन सेंटिमीटरमध्ये १०० कोटी कण असतील, तर स्मोलुखोव्स्की या पोलिश शास्त्रज्ञाच्या १९१७ च्या सूत्राप्रमाणे पावणेतीन मिनिटांत संख्या निम्मी होते. पण पुंजके जसे कमी आणि आळशी होतात तसा खेळ रेंगाळतो. तेव्हा पाणी हलकं ढवळून त्यांची गाठ घालून द्यावी लागते. जोरात ढवळलं तर झालेले पुंजके फाटतात, कारण ते अर्ध्या टक्क्याच्या मालावर उभे आहेत. म्हणून जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी आधी मिनिटभर जोराने मिसळतात आणि मग क्लॅरिफ्लॉक्युलेटर नावाच्या मोठ्या गोल टाकीत वल्ही अर्धा तास संथ फिरतात. आधी गरागरा, मग सावकाश, मग धक्का लावू नकोस. टाकी बघायला गेलो तेव्हा मला तिथल्या वल्ह्यांपेक्षा आईची पळीच दिसत होती.

सध्या चिकटण्याची शक्यता हजारात एक ठेवून प्रोग्राम चालू आहे. काल रात्री दहाला लावला, सकाळी चहाच्या वेळी पाहिलं तर पडद्यावर अजून एकेकटे कणच जास्त होते, लॅपटॉपचा पंखा घरघरत होता, आणि एका कोपऱ्यात पंधरा-वीस कणांचा, खाचा बऱ्यापैकी भरलेला, पहिला पुंजका हळूच डावीकडून बाहेर जाऊन उजवीकडून आत येत होता.